तेल तापलं की स्टिअरिंग जड, आणि कण्हतंय. बॉक्स बदलू का?

दहाचाकी

नमस्कार मंडळी. वाचतो बऱ्याच वर्षांपासून, लिहितोय पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

गाडी दहा चाकी, स्वतःची, चालवतोही मीच. गेले पंधरा दिवस पॉवर स्टिअरिंगने डोकं खाल्लंय. सकाळी एका बोटाने फिरतं. दीड-दोन तास गाडी चालली, तेल तापलं, की जड व्हायला लागतं. सरळ रस्त्यावर कळतसुद्धा नाही. पण माल उतरवायला गाडी उलटी लावताना भरभर फिरवायला गेलो की मध्येच हात अडकतो, पलीकडून कुणीतरी धरल्यासारखा. क्षणभर थांबलो की पुन्हा फिरतं. सोबत कण्हल्यासारखा बारीक आवाज.

तेलाची पातळी बरोबर आहे, गाडीखाली थेंब नाही. बेल्ट सैल म्हणाल तर बेल्टच नाही, पंप इंजिनाच्या गिअरवर आहे. मिस्त्रींनी दोन मिनिटं स्टिअरिंग फिरवून पाहिलं आणि निकाल दिला: स्टिअरिंगचा बॉक्स (तेलाच्या जोरावर चाकं वळवणारी पेटी) गेला, बदला. बदलायला हरकत नाही, पण बदलून आजार तोच राहिला तर काय, म्हणून विचारतोय.

जुना_फिटर

थांबा. बॉक्स उतरवू नका अजून. स्टिअरिंगच्या सगळ्या कुटुंबात बॉक्स सगळ्यात सोशिक असतो आणि पहिला दोष त्याच्यावरच येतो.

मिस्त्री अगदीच चुकले असं मात्र म्हणणार नाही. तापल्यावर तेल पातळ होतं. बॉक्सच्या पिस्टनची सील झिजली असेल तर पातळ तेल तिथून निसटतं आणि स्टिअरिंग जड होतं. पंप झिजला असेल तरी हेच होतं. म्हणजे "गरम झालं की जड" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. चार गोष्टी बघून सांगा:

दोन्ही बाजूंना सारखंच जड आहे, की एकाच बाजूला?

गाडी उभी, तेल गरम, अशा वेळी आयडलिंगला फिरवा, मग थोडी रेस देऊन फिरवा. हलकं होतं की नाही?

इंजिन चालू असताना टाकीचं झाकण उघडून तेलाचा रंग बघा. झाकण उघडण्याआधी टाकीवरची धूळ पुसा. लोक नेमकं हेच विसरतात आणि चिमूटभर माती थेट पंपाला खाऊ घालतात.

फिल्टर शेवटचा कधी बदलला?

चारचाकीवाला

आगाऊ प्रश्न, माझा ट्रकशी संबंध ओव्हरटेक करण्यापुरताच. पॉवर स्टिअरिंग चालू गाडीत बंद पडलं तर स्टिअरिंग लॉक होतं का? मला ट्रकच्या शेजारून जाताना कायम ही भीती वाटते.

तेलकट_हात

लॉक होत नाही. मी स्टिअरिंगच्याच सुट्या भागांच्या तपासणीत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही चाक फिरवता तेव्हा बॉक्सच्या तोंडाशी एक बारीक पोलादी कांडी असते, टॉर्शन बार, ती किंचित पिळली जाते. तो पीळ बघून झडप ठरवते की पंपाकडून आलेलं तेल पिस्टनच्या कुठल्या अंगाला सोडायचं. पिस्टन सरकतो, त्याच्या दातांत अडकलेला सेक्टर शाफ्ट फिरतो, त्याला बाहेरून लावलेला ड्रॉप आर्म, म्हणजे दांडा, ड्रॅग लिंक नावाच्या लांब सळीला ढकलतो आणि चाकं वळतात. मोठ्या ट्रकमध्ये हा दाब १५० बारच्या पुढे जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या.

तेलाचा दाब गेला तरी ती कांडी, स्क्रू, पिस्टन, आर्म ही लोखंडी साखळी शाबूत असते. म्हणजे चाकं वळतात, फक्त सगळा जोर तुमच्या दंडाचा. संयुक्त राष्ट्रांच्या ७९ क्रमांकाच्या स्टिअरिंग नियमात १२ टनांवरच्या मालवाहू गाड्यांसाठी याची हद्द घालून दिली आहे. सगळं ठीक असताना १० किलोमीटरच्या वेगात १२ मीटर त्रिज्येचं वळण ४ सेकंदांत घ्यायला चाकाच्या कडेवर २०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. मदत बंद पडली तर २० मीटरचं वळण, ६ सेकंद आणि ४५० न्यूटन. ४५० न्यूटन म्हणजे साधारण ४५ किलोचं वजन ओढण्याइतका जोर. आणि हा सांधे चांगले असलेल्या गाडीचा आकडा. किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं ती, सुकलेली असेल तर विचारूच नका.

म्हणून गाडी वळते, पण अपेक्षा नसताना अर्ध्या वळणात अचानक ४५ किलो हातावर आले तर माणूस गांगरतो. अपघात त्या गांगरण्यात होतो.

मोकळा_उतार

एवढं घाबरवू नका ताई. आम्ही लांब उतारावर वर्षानुवर्षं इंजिन बंद करून गाडी सोडतो. डिझेल वाचतं. सवय झाली की स्टिअरिंग जमतं.

जुना_फिटर

जमतं, जमतं म्हणता म्हणता एक दिवस जमत नाही. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, हवेचा कॉम्प्रेसर बंद, इंजिन ब्रेक बंद. ब्रेकच्या टाकीत साठलेली हवा दर पायाला कमी होत जाते, आणि किल्ली चुकून पूर्ण मागे फिरली तर ज्या गाड्यांत स्टिअरिंग लॉक आहे तिथे चाक खरोखरच अडकतं. चारचाकीवाल्यांची भीती इथे खरी ठरते.

डिझेलचंही ऐका. गिअरमध्ये गाडी उतरतेय, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, अशा वेळी डिझेलचा पंप डिझेल सोडतच नाही. चाकं इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला आयडलिंगसाठी डिझेल प्यावंच लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरलात तर डिझेलही वाचतं आणि स्टिअरिंगही हातात राहतं.

तेलकट_हात

काकांशी सहमत. दोन स्टिअरिंग ॲक्सल असलेल्या काही जड गाड्यांना चाकांच्या गतीवर चालणारा दुसरा पंप देतात, इंजिन बंद पडलं तरी थोडी मदत उरावी म्हणून. पण आपल्या गाडीला तो आहे असं गृहीत धरून कुणी उतारावर किल्ली फिरवू नये.

दहाचाकी

काका, बघितलं.

दोन्ही बाजूंना सारखंच जड. टाकीत तेल लालसर आहे पण वर फेस, ताक घुसळल्यासारखा. इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी बघितलं तर फेस गेलेला आणि पातळी बोटभर खाली. फिल्टर... गाडी घेतल्यापासून बदललेला नाही. लाज वाटते पण खरं तेच सांगतो.

गंमत रेसची. रेस दिली की हलकं होईल असं मलाही वाटलं होतं. उलट आणखी जड झालं आणि आवाज चढला!

जुना_फिटर

सापडलं. निदान गल्ली तरी सापडली.

पंप झिजला असता किंवा बॉक्समधून तेल निसटत असतं तर रेस दिल्यावर पंप जास्त तेल देतो, गळती भरून निघते आणि स्टिअरिंग थोडं तरी हलकं होतं. तुमचं उलटं होतंय. याचा अर्थ पंपाला तेल पोचत नाहीये. तो जितका जोर लावून ओढतो तितका उपाशी राहतो. जिथे तेल कमी पडतं तिथे बुडबुडे होतात, हवा दाबली जाते, तेल नाही. म्हणून ते धरल्यासारखं वाटणं आणि ते कण्हणं.

आता टाकीपासून पंपापर्यंतची जाडी नळी बघा. ओढीची नळी. या नळीत दाब नसतो, उलट ओढ असते. त्यामुळे क्लिप ढिली असेल तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडीखाली थेंब शोधणाऱ्याला ती कधीच सापडत नाही.

इंजिन बंद, तेल थंड, मग नळी बोटांनी दाबून बघा. आणि कुठे, कधी बदलली होती का, आठवा.

रात्रपाळी

एक मध्येच सांगतो, कारण वर "बोटांनी" हा शब्द आला. ओढीच्या नळीला इंजिन बंद करून हात लावा, हरकत नाही. पण पंपाकडून बॉक्सकडे जाणाऱ्या दाबाच्या नळीची गळती चालू इंजिनात हाताने चाचपडू नका.

आमच्याकडे एका हेल्परने तेच केलं. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक, तेल धुक्यासारखं उडत होतं. त्याने कुठून येतंय म्हणून तर्जनी फिरवली. टाचणी टोचल्यासारखं झालं म्हणाला, रक्तसुद्धा नीट आलं नाही. फडक्याने पुसून कामाला लागला. रात्री बोट काकडीएवढं सुजलं. तेल कातडीखाली शिरून आत पसरलं होतं. ऑपरेशन करून बोट उघडावं लागलं, आजही ते पुरतं मिटत नाही. गळती शोधायची तर लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर रेघ उमटते. आणि कुणाला असं टोचलंच तर दुखत नाही म्हणून घरी पाठवू नका, तडक हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना "दाबाचं तेल शिरलंय" हे स्पष्ट सांगा.

चारचाकीवाला

बाप रे. वाचनखूण साठवली.

अवांतर: उत्सुकतेने शोधलं तर कळलं की पॉवर स्टिअरिंगचा जन्मच ट्रकमुळे झाला. फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला इंजिनिअर. जड गाड्या वळवताना चालकांची होणारी दमछाक त्याला रोज दिसायची. नोकरी सोडून तो या कामाच्या मागे लागला आणि १९२६ मध्ये त्याने हायड्रॉलिक स्टिअरिंग चालवून दाखवलं. विक्रीच्या कारमध्ये मात्र ते १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरिअलमध्ये आलं. पंचवीस वर्षं!

दहाचाकी

काका, पाय कुठे आहेत तुमचे.

नळी दाबली तर मधल्या भागात लिबलिबीत लागली. बाहेरून ठणठणीत काळी, चीर नाही काही नाही. आणि मग आठवलं. सहा-सात महिन्यांपूर्वी रात्री रस्त्यात हीच नळी क्लिपपाशी फाटली होती. माझ्याकडे रेडिएटरच्या पाण्याच्या पाइपचा तुकडा पडलेला होता, माप तंतोतंत बसलं. तो लावला, तेल भरलं, घरी आलो. नंतर बदलू म्हटलं. ते नंतर काही आलं नाही.

आज तो काढून ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून मऊ झालंय आणि दुधावरची साय सुटावी तसा एक थर सुटून आत लोंबकळतोय. मोकळी जागा करंगळीएवढीसुद्धा उरलेली नाही. मिस्त्रींना दोष देत होतो, पाप माझंच निघालं.

तेलकट_हात

पाण्याचे पाइप बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. गरम पाण्याला ते वर्षानुवर्षं दाद देत नाही, पण खनिज तेलात फुगतं. थंड असताना जरा तग धरतं, म्हणून सकाळी सगळं छान. तापलं की लोळागोळा, त्यात पंपाची ओढ, की नळी आतून चिकटते. रेस दिल्यावर जड का होत होतं त्याचं उत्तर हेच. तेलासाठी नायट्राइल, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या रबराच्या अस्तराची, आणि ओढीसाठी आत तार किंवा जाळी असलेली नळीच घ्या.

नुसती नळी बदलून थांबू नका. सुटलेल्या रबराचे कण पुढे गेलेत. झडपेतल्या फटी केसापेक्षा बारीक असतात. सगळं तेल काढा, टाकी धुवा, फिल्टर नवा घाला. नवं तेल पुस्तकात लिहिलंय त्याच जातीचं. लाल दिसतं म्हणून सगळं लाल तेल एक नव्हे, आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागणाऱ्या गाडीत उरलेलं इंजिन ऑइल ढकलायचं नाही. दोन-चार हजार किलोमीटरनंतर फिल्टर पुन्हा बघा. असं काही झालं असेल तर मी तरी दुसऱ्यांदा बदलेन.

दहाचाकी

तेल भरून हवा कशी काढायची? मागच्या वेळी मी इंजिन चालू करून दोन्ही टोकांना गरागरा फिरवलं होतं.

जुना_फिटर

म्हणूनच फेस. गरागरा नको.

हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, पुढचा ॲक्सल जॅकने उचलून खाली घोडे, म्हणजे लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. टाकी भरा. इंजिन सुरू न करता स्टार्टरने थोडं थोडं फिरवा आणि तेल घालत राहा, पातळी झपाट्याने खाली जाते. टाकी रिकामी पडू देऊ नका. कोरडा पंप काही सेकंदांतच ओरखडे पाडून घेतो. त्याचं वंगणही तेच तेल.

मग इंजिन आयडलिंगला. एक माणूस टाकीपाशी, एक स्टिअरिंगवर. सावकाश, अगदी आळसात, डावीकडून उजवीकडे. टोकाला पोचलं की लगेच मागे, तिथे दाबून धरायचं नाही. चार-पाच फेऱ्या. काही बॉक्सवर हवा काढायचा स्क्रू असतो, तो पुस्तक सांगेल तेव्हाच ढिला करायचा. बुडबुडे थांबले की इंजिन बंद करा. बंद केल्यावर पातळी बोटभर वर आली तर हवा अजून आत आहे. किंचितच हलली तर झालं.

तुमच्या मागच्या पोस्टमध्ये पातळी उलट खाली गेली होती, फेस बसल्यामुळे. म्हणजे जी पातळी तुम्ही "बरोबर" म्हणत होता त्यात निम्मी हवाच होती.

मोकळा_उतार

टोकाला दाबून धरलं तर काय होतं? अरुंद जागेत आम्ही स्टिअरिंग पूर्ण काटून तसंच धरून ठेवतो, गाडी सरकते तोवर.

तेलकट_हात

चाकं टोकाला अडली की पिस्टन पुढे जात नाही, पण पंप ढकलतच राहतो. तेलाला वाट उरते ती फक्त सुरक्षा झडपेची. पूर्ण दाबाचं तेल त्या झडपेतून फिरून परत येतं आणि त्याची सगळी ताकद उष्णतेत जाते. सुस्स असा आवाज येतो ना, तो हाच. तेल १२० अंशांच्या आसपास गेलं की सीलचं आयुष्य झपाट्याने उतरतं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकांत टोकाला ५ ते १० सेकंदांच्या वर धरू नका असं लिहिलेलं असतं. मी म्हणेन टेकलं की बोटभर सोडा. वळण तेवढंच मिळतं आणि तो सुस्स थांबतो.

बऱ्याच बॉक्समध्ये टोकाच्या जरा आधी दाब सोडणाऱ्या छोट्या झडपा असतात. त्यांचं गणित ॲक्सलवरच्या स्टॉप बोल्टशी जुळवलेलं असतं. कुणी जास्त वळावी म्हणून ते बोल्ट आत घेतले किंवा वेगळ्या मापाचे टायर लावले की ते गणित बिघडतं. आणि उभ्या गाडीत चाकं घासत फिरवण्यापेक्षा गाडी जराशी सरकती ठेवून वळवा. टायर, किंगपिन आणि पंप तिघांचाही त्रास वाचतो.

रात्रपाळी

काका, माझ्या गाडीत प्ले आलाय, स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं हलत नाहीत. बॉक्सच्या वरचा स्क्रू अर्धा आटा आवळू का? सगळे तेच करतात.

जुना_फिटर

सगळे करतात आणि मग वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही म्हणून रडतात. तो स्क्रू बॉक्सच्या आतले दात जुळवण्यासाठी आहे, सांध्यांची झीज लपवायला नाही.

आधी प्ले कुठे आहे ते शोधा. चाकं जमिनीवर, ठोकळे लावलेले, इंजिन चालू. बंद इंजिनात बघितलात तर त्या पिळणाऱ्या कांडीचा पीळच प्ले वाटतो. एकाने स्टिअरिंग डावी-उजवी चार बोटं हलवायचं, दुसऱ्याने बाहेरून बॅटरी मारून बघायचं, हात आत न घालता. स्टिअरिंगच्या दांड्याचा क्रॉस, म्हणजे सांधा, हलतो आणि बॉक्सचा शाफ्ट नाही? ड्रॉप आर्म हलतो आणि ड्रॅग लिंकचा बॉल (गोळ्याचा सांधा) नुसताच डुगडुगतो? की बॉक्स अख्खाच चेसिसवर हलतोय? हे शेवटचं मी तीनदा पाहिलंय. बोल्ट ढिले, आणि लोक आत दात शोधतायत.

आणि ड्रॉप आर्म काढायची वेळ आली तर पुलर वापरा. घणाने ठोकलात तर धक्का शाफ्टमार्गे थेट बॉक्सच्या आतल्या भागांपर्यंत जातो. वाकलेला आर्म किंवा लिंक तापवून सरळ करणं, वेल्डिंग करणं, हे माझ्या गॅरेजात कुणी नुसतं सुचवलं तरी मी त्याला चहाला बाहेर पाठवायचो.

दहाचाकी

झालं एकदाचं. नवी नळी, दोन नव्या क्लिपा, फिल्टर, तेल. जुन्या फिल्टरमध्ये काळे रबराचे तुकडे, मोहरीएवढे. हवा काढायला पाऊण तास लागला, घाई केली नाही. काल दिवसभर भरलेली गाडी चालवली, संध्याकाळी मुद्दाम उलटी लावताना भरभर फिरवून बघितलं. आवाज नाही, अडकणं नाही. तेल स्वच्छ लाल, आरपार दिसणारं.

चिरलेला पाइप मिस्त्रींना नेऊन दाखवला. त्यांनी बराच वेळ उलटासुलटा केला, काही बोलले नाहीत, आणि खिळ्याला टांगून ठेवला.

जुना_फिटर

छान. खाली गेलाच होतात तर ड्रॉप आर्मच्या नटाचं लॉक आणि लिंकच्या बॉलच्या पिना बघितल्यात का?

दहाचाकी

नाही हो काका. तिथे ग्रीस आणि मातीचा गोळा झालाय, नट कुठला तेच कळत नाही. उद्या उजेडात खरवडून बघतो.